सव्वा तासाचं माहेर

फोनवर दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर लगेच दिसतं. बेळगाव ते नाशिक. हवाई अंतर पाचशे किलोमीटरच्या आत, उड्डाणाचा वेळ सव्वा तासाच्या आसपास. नकाशावर दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी एक बाकदार रेघ. त्या रेघेला घाट लागत नाही, टोलनाका लागत नाही, पुण्याच्या स्टँडवर बस बदलावी लागत नाही.

ही माहिती मी एकदा माझ्या बहिणीला वाचून दाखवली होती. त्यानंतर जे झालं ते मी पुढे कुणालाच सरळ सांगितलं नाही. बायकोलाही अर्धंच सांगितलं. या अखाजीला मात्र दोन माणसांना सांगून आलो. आता लिहायला हरकत नाही.

आमचं गाव शहादा तालुक्यात, तापीच्या काठाला. आई-वडील पाठोपाठ गेले. जमीन चुलतभाऊ करतो, घराला कुलूप. मी डिप्लोमा करून बेळगावच्या एका फौंड्रीत लागलो तो तिथेच राहिलो. ताई माझ्याहून मोठी. तिला दिलं होतं सारंगखेड्याजवळच्या एका खेड्यात, चांगल्या बागायतदार घरात. तिला एकच मुलगी. म्हणजे ताईच्या मागे माहेर म्हणून मी, आणि भाचीच्या मागे भाऊ म्हणून कुणी नाही. हे लक्षात ठेवावं लागेल, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

खानदेशात अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या मुली त्या सणाला माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस खातात. पण मुलगी आपली आपण उठून येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जातो. त्याला मुराळी म्हणतात. बहुतेक भाऊच असतो. मुराळी दारात आला की सासूसुद्धा त्याला गूळपाणी देते, आणि मग मुलगी पिशवी घेऊन त्याच्या मागून निघते. एकटीने एसटीत बसून जायला कुणी अडवत नाही, पण तशी गेली तर अख्खं गाव समजतं की हिला मागे कुणी उरलेलं नाही. आई गेली त्या वर्षी ताई मला म्हणाली, "आते तूच मन्हं माहेर. तू जठे, तठे माहेर."

मी बेळगावला. म्हणजे माहेर बेळगावला.

तेव्हा मी वर्षातून दोनदा यायचो. अखाजीला मुराळी म्हणून आणि भाऊबीजेला. रात्रीच्या बसने पुणे, पुण्याहून शहाद्याची गाडी. उतरायचो तेव्हा पाठ मोडलेली असायची. अखाजीला तिला घेऊन आमच्या कुलूपबंद घरी जायचं, दार उघडायचं, ती झाडलोट करणार, चुलतभावाच्या घरून मांडे येणार, दोन दिवस आम्ही दोघं तिथे राहणार. बस. एवढाच तिचा माहेरवास. पण मी आलो नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं.

मग बेळगावहून नाशिकला विमान सुरू झालं. मी उत्साहाने तिला व्हिडिओ कॉल केला आणि वाचून दाखवलं, सव्वा तास.

"सव्वा तास?" ती म्हणाली. "आमना गावथीन नंदुरबारले जावाले तेवढा लागस!"

"हो ना."

"मंग तू आते नंदुरबारमाच ऱ्हास की रे!" आणि इतकी हसली की फोन तिच्या हातातून खाली गेला. बराच वेळ मला त्यांच्या घराचं आढं दिसत राहिलं.

पुढचं मी सांगितलं नाही. विमान रोज नसतं, ते ओझरला उतरतं, ओझरहून चांदवड, मालेगाव, धुळे, दोंडाईचा असं करत सारंगखेड्याच्या पुलावर यायला आणखी पाच तास लागतात. सांगायचं राहिलं असं नाही. ती इतकी खूश होती की मी नाही सांगितलं. त्या वेळी त्यात काही वाईट वाटलं नाही.

तिने तो सव्वा तास गावभर केला. मेहुणे तोंडाचे फटकळ. माहेरावरून तिला बोलायची त्यांना सवय होती. तुझा भाऊ तिकडे लोखंड वितळवतो, तुला काय वितळवून पाठवतो, असलं काहीतरी. आता तिच्याकडे उत्तर आलं. "मन्हा भाऊले एक फोन करसू ते सव्वा तासमा दारशे उभा ऱ्हाई." पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा मेहुण्यांनी ओट्यावरूनच हाक दिली, "या पाव्हना! इमान कथं उतारं? मन्हा पपईना वावरमा ते नही ना उतारं? फळं लागेल शेत, बरं." सगळे हसले, मीही हसलो. ताई आतून पाणी घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर असा काही तोरा होता की मी तो आधी कधी बघितला नव्हता.

त्या वेळी मी खरंच विमानाने आलो होतो. पुढच्या अखाजीला आलो नाही. साडी कुरिअरने पाठवली. भाऊबीजेला आलो नाही, फोन केला. बसने यायचं होतं तेव्हा महिनाभर आधी रजा टाकावी लागायची, रिझर्वेशन करावं लागायचं, म्हणून यायचो. आता कधीही जाता येतं म्हटल्यावर जाणं होईना. सव्वा तास तर आहे, पुढच्या आठवड्यात जाऊ. ती विचारायची तेव्हा मीही हेच सांगायचो आणि तिला ते पटायचं. इतक्या जवळच्या माणसावर कुणी रागवत नाही.

मग श्रावणात तिचा फोन आला. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. आवाज हळू.

"भाऊ, एकला शेस का?"

मी शेडच्या बाहेर आलो.

"माले छातीमा गाठ लागस. बोराएवढी व्हती. आते मोठी व्हयनी."

"कधीपासून?"

"अखाजीपासून. दुखस नही म्हनीसन मी काही बोलनू नही."

"घरात सांगितलंस?"

"सांगसू. तू ये ना. माले सूरतले लई चाल. आठे गावना डॉक्टरले नही दाखाडनं माले, गावभर व्हई." मग म्हणाली, "मुराळी म्हनीसन ये. मंग कोनी काही विचारत नही. भाऊ उना, बहीणले लई गया."

सुरत आम्हाला जवळचं मोठं शहर. नंदुरबारकडचं कुणी जास्त आजारी झालं की नवापूरवरून सुरतच गाठतात.

"शुक्रवारनं इमान शे ना?"

"आहे."

"मंग ये."

"येतो," मी म्हणालो.

आता इथे खरं लिहायचं. मी तिकीट काढलंच नाही. रजा मिळाली नाही असं नाही, मी मागितलीच नाही. बायको एवढंच म्हणाली होती, "बघा, तुम्हाला कसं जमतंय ते." तिच्यावर काही ढकलायचं नाही मला. मला जायचं नव्हतं. गाठ म्हणजे काय असू शकतं ते मला कळत होतं, आणि ते ज्या खोलीत सांगतात त्या खोलीत मला बसायचं नव्हतं. नंतर ती म्हणाली असती, थोडे दिवस तुझ्याकडे राहते. आमच्या दुसऱ्या खोलीत मुलगा बारावीचा अभ्यास करत होता. मी गुरुवारी रात्री जेवताना हे सगळं मनात मांडत होतो आणि शेवटी ठरवलं, ठरवलं म्हणजे काय, ठरू दिलं, की या शुक्रवारी नको. पुढचा बघू.

शुक्रवारी बेळगावात पाऊस लागला होता. तिथला पाऊस दिवसदिवस हटत नाही. मी शेडच्या खिडकीशी उभा राहून तिला फोन केला. म्हणालो, "ताई, विमान रद्द झालं. पाऊस फार आहे." ती काही बोलायच्या आत मी फोन खिडकीबाहेर धरला. पत्र्यावरचा पाऊस तिला ऐकू यावा म्हणून.

"हां, ऐकू उना," ती म्हणाली. "पानी जास्त शे. ऱ्हाऊ दे मंग. जपीसन ऱ्हाय."

पुढे गणपती आले, मग महिनाअखेरचा माल पाठवायचा होता, मग नवरात्र. प्रत्येक वेळी मी आपणहून काहीतरी सांगायचो आणि ती "बरं, बरं" करायची. त्या शुक्रवारनंतर तिने एकदाही 'ये' म्हटलं नाही. मला त्याचं बरं वाटलं होतं. गाठीचं विचारलं तर म्हणायची, शे तशीच शे.

भाऊबीजेला गेलो. या वेळी विमानाने. दारात ती मला बघून म्हणाली, "आज नही रद्द व्हयनं?" आणि हसली. मला वाटलं, थट्टा करते. ओवाळताना तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. ताट तिने डाव्या हाताने फिरवलं.

दुसऱ्या दिवशी गाडी करून तिला सुरतला नेलं. मेहुणे पुढे बसले होते, सगळ्या रस्त्यात एक अक्षर बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, आता गप्प. इतके दिवस नेलं नाही, आता गप्प बसायचं नाही तर काय.

ताई मागे माझ्या शेजारी. नवापूरच्या पुढे तिने विचारलं, "भाऊ, इमानन्या खिडकीमाइन काय दिखास?"

"ढग."

"पानी पडी ऱ्हायना तरी?"

"खाली पडतं. विमान ढगांच्या वर असतं."

"वर मंग काय ऱ्हास?"

"ऊन असतं वर. लख्ख ऊन."

"हां," ती म्हणाली. "वर ऊन ऱ्हास." मग बाहेर बघत राहिली. मी समाधानात होतो, की तिला दुसरं काहीतरी बोलायला मिळालं.

सुरतच्या डॉक्टरांनी तपासून मला एकट्याला आत बोलावलं. गाठ काखेत गेली होती, त्याच्याही पुढे गेली होती. मी विचारलं, "श्रावणात आणलं असतं तर?" ते म्हणाले, "आता मागचं काढून काय करायचं? पुढचं बघू." मी पुन्हा विचारलं नाही. उत्तर 'फरक पडला नसता' असतं, तर त्यांनी ते दिलं असतं, असं मला वाटतं.

हिवाळाभर उपचार झाले. भाची दोंडाईच्याला दिलेली, ती येऊन राहिली. मी मधूनमधून जाऊन येत होतो. अशाच एका भेटीत, ताई आतल्या खोलीत झोपली असताना, भाची वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, मायले अखाजीपासून गाठ व्हती. तुम्हले माहीत व्हतं?"

"श्रावणमा समजनं."

"मंग श्रावणमा का नही लई गयात? दारशे जीप उभी शे. एक दिवस पपई तोडाना बंद ठेवता ते काय व्हतं?"

मेहुण्यांनी मान खाली घातली.  मी तिथेच खाटेवर चहाचा कप धरून बसलो होतो. भाचीने माझ्याकडे बघितलं, 'मामा, तुम्हीच सांगा' अशा नजरेने. मी चहा प्यायलो.

तिला माझ्याबद्दल माहीत होतं ते एवढंच, की मामा येणार होता, विमान रद्द झालं. त्यात मामाचा काय दोष?

चैत्रात ताई गेली. अखाजी तोंडावर होती.

फोन आला त्या दिवशी विमान नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. मी गाडी करून निघालो. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, आणि माहेरच्यांनी तोंड बघितल्याशिवाय तिला उचलत नाहीत. म्हणजे सगळे माझ्यासाठी खोळंबले. उन्हाळा. शहाद्याहून बर्फाची पेटी आणली होती म्हणे. वाटेत चुलतभावाचा फोन येत होता, मागे माणसांचा आवाज. त्यातलं एक वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. कुणीतरी म्हातारा म्हणत होता, "सव्वा तास व्हयना का नही अजून त्याना?" आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

लुगडं घ्यायचं होतं म्हणून धुळ्याहून शिरपूरवरून आधी शहाद्याला गेलो. तिथल्या बाजारात एक कापडाचं दुकान आहे. मालक मूळचे राजस्थानचे, पण किती पिढ्यांपूर्वी आले ते त्यांनाही सांगता येत नाही. अहिराणी आमच्याहून चांगली बोलतात. आमच्या घरातली सगळी लग्नं त्यांच्याच कापडावर झाली. शेठना बातमी कळलेली होती. त्यांनी मला गादीवर बसवलं, पाणी दिलं, आणि न विचारता वरच्या फळीवरून एक हिरवी साडी काढली.

"ही बेळगावकडचीच आहे, भाऊसाहेब. तिकडे शहापूर-वडगावात हातमागावर विणतात, मी दर सीझनला जातो आणायला. ताईंना आवडली होती. म्हणाल्या, अखाजीला भावाला घ्यायला लावते."

मी साडी हातात घेतली. ते बोलत राहिले. वाईट हेतूने नाही. शोकाच्या घरचा माणूस आला की आपण काहीतरी बोलत राहतो, तसं.

"त्या श्रावणात तर आपली भेट व्हायची होती. मी बेळगावला जातोय म्हटल्यावर ताई म्हणाल्या, शुक्रवारच्या विमानाला मन्हा भाऊबी शे, त्याले तुमनी गाडीमा लई या. माझी गाडी येणार होती ना ओझरला. मी विमानात बघितलं, तुम्हाला ओळखतो मी लहानपणापासून. दिसला नाहीत. म्हटलं मागे बसले असतील. ओझरला सगळी माणसं बाहेर पडेपर्यंत थांबलो."

"विमान आलं होतं?" मी विचारलं. काय म्हणून विचारलं, देव जाणे.

"आलं तर! वेळेवर आलं. खाली बेळगावात धो धो पाऊस, पण वर काय सांगू, लख्ख ऊन. अर्धं विमान रिकामं. संध्याकाळी ताईंकडे गेलो सांगायला, की भाऊसाहेब काही दिसले नाहीत. त्या ओट्यावर एकट्या होत्या.  मग म्हणाल्या, शेठ, त्यानी माले फोन करा, काम निंघनं. तुम्ही घरमा काही बोलू नका. घरमा मी सांगेल शे, इमान रद्द व्हयनं." शेठनी साडी कागदात गुंडाळली. "फार जीव तुमच्यावर."

पैसे दिले की नाही, मला आठवत नाही. गाडीत बसलो तेव्हा ते ऊन आठवलं. नवापूरच्या पुढचं. वर काय ऱ्हास, तिने विचारलं होतं. मी म्हणालो होतो, लख्ख ऊन.

अंगणात शिरलो तशी गर्दी बाजूला झाली. एका म्हातारीने माझ्या हातातली साडी घेतली आणि आतल्या बायकांना म्हणाली, "उना वं, मुराळी उना तिना. आते करा तयारी." साडी तिच्या अंगावर घातली. मी तोंड बघितलं. भाची वडिलांकडे बोट करून ओरडत होती, "याच मानसनी मारं मन्ही मायले!" तिला दोघींनी धरलं. मेहुणे भिंतीला टेकून उभे होते. सगळं गाव ऐकत होतं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. ते वाक्य घेऊन मी तापीवर गेलो, आणि ते तसंच घेऊन बेळगावला परत आलो.

त्यानंतरच्या अखाज्या भाचीने सासरीच काढल्या. तिला भाऊ नाही, म्हणून मेहुणे पुतण्याला मुराळी म्हणून पाठवायचे. ती त्याला जेवू घालायची आणि परत पाठवायची. वडिलांशी बोलणं बंद, फोन बंद. चुलतभावाकडून मला कळायचं, की मेहुणे एकटेच असतात, पपई खांडून टाकली, बाग काढली, ओट्यावरही फारसे बसत नाहीत. मी ऐकायचो. तेवढंच करायचो.

या वर्षी गेलो. बसने. का याच वर्षी, ते मला सांगता येणार नाही. कदाचित मुलगा नोकरीसाठी लांब गेला आणि परवा फोनवर मला म्हणाला, "बाबा, फ्लाइटने दोनच तास तर आहे, येईन की," म्हणून असेल.

मेहुणे घरात होते. मला बघून उठले, स्वतःच पाणी आणलं. दाढी वाढलेली, बनियनला भोक. म्हणाले, "इमान कथं उतारं?" सवयीने म्हणाले. त्यात आता काही नव्हतं.

मी बसलो आणि सांगून टाकलं. तिकीट काढलं नव्हतं, विमान रद्द झालं नव्हतं, खिडकीबाहेर फोन धरला होता, सगळं. शेठचंही सांगितलं.  

"तिले माहीत व्हतं?" त्यांनी विचारलं.

"त्याच संध्याकाळपासून."

"तरी बी उतरनी," ते म्हणाले.

"कुठे उतरली?"

"तुन्हा फोन उना त्याना दुसरा दिवस. तिनी रातले माले गाठनं सांगं. मी म्हनू, भाऊनी वाट नको देखू, चाल, मी लई जास. जीप काढी. बठनी बी. सारंगखेडाना पूलवर उनूत ते म्हने, थांबा. उतरी पडनी, पूलवर उभी. म्हने, आज तुमना संगे गयू ते तुम्ही जलमभर म्हनशात, तुन्हा भाऊ उना नही. तो येनार शे. मन्हा मुराळी येनार शे." त्यांनी हाताने तोंड पुसलं. "मी लई बोलनू तिले. लोके थांबीसन देखी ऱ्हायंतात. पन ती नही बठनी. पायी घर उनी."

मी म्हणालो, "हे तुम्ही पोरीला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुन्ही माय अडानी व्हती म्हनीसन मरनी?" ते माझ्याकडे बघत म्हणाले. "मरेल बाईवर टाकू? आनि चूक मन्हीबी शे, पाव्हना. मीच तिले माहेरवरथीन टोमना मारू. म्हनीसन ते ती पूलवर उतरनी."

मग म्हणाले, "तू पोरले सांग. मी नही सांगाव."

दोंडाईचा तिथून लांब नाही. भाचीच्या दारात गेलो तेव्हा तिची सासू ओट्यावर कैऱ्या चिरत होती. मला बघून हसली. "या, या मामा! मुराळी उनात का औंदा? बरं कयं." भाची बाहेर आली, पायांवर पाणी दिलं, आत बसवलं. मी तिला सांगितलं. वडिलांना सांगितलं त्याच क्रमाने, त्याच शब्दांत, कारण दुसरे माझ्याकडे नव्हते. पुलाचंही सांगितलं.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती उभीच राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मग प्रमाण मराठीत बोलली, शाळेत बोलतात तशी. माझ्याशी ती कधी अशी बोलली नव्हती.

"त्या दिवशीचं विमान किती वाजता होतं, मामा?"

मी म्हणालो, "आठवत नाही."

ते खोटं होतं. मला माहीतच नव्हतं. तेवढंही मी बघितलं नव्हतं. हे मी तिला पुन्हा थांबून सांगितलं. म्हटलं, आठवत नाही असं नाही. मी बघितलंच नव्हतं.

तिने मान हलवली. आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, पिशवीची चेन लावल्याचा आला. जावईबापू मागच्या दारी होते, त्यांना हाक मारून म्हणाली, "गाडी काढा. माले बाबाकडे सोडा." बाहेर येऊन ती सासूच्या पाया पडली. माझ्याजवळ आली, वाकली नाही. म्हणाली, "तुम्ही नका येऊ आमच्या मागे. तुम्ही आलात तर लोक म्हणतील मुराळी घेऊन आला. मला मुराळी नको."

मोटरसायकल गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी ओट्यावर उभा होतो. सासूबाईंनी हातातली कैरी खाली ठेवली.

"मामा, असं कसं? मुराळी आठेच, आनि पोर गयी निंघी?"

"हो," मी म्हणालो.

"पन मुराळी ते तुम्हीच ना?"

"नाही," मी म्हणालो, आणि धुळ्याची गाडी किती वाजता आहे ते त्यांना विचारलं.